खुर्चीत बसलेला खेळाडू

१९०७ सालच्या जून महिन्याची ३ तारीख. लंडनच्या सोहो स्क्वेअरमध्ये, बरोज अँड वॉट्स या टेबलं बनवणाऱ्या नामांकित कंपनीच्या जागेत टॉम रीस आणि जो चॅपमन यांचा बिलियर्ड्सचा सामना सुरू झाला. पाच लाख गुण आधी करेल तो जिंकला, अशी बोली होती. रीसने बॉल हवे तिथे आणून बसवले आणि मारायला सुरुवात केली. ६ जुलैला तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर ४,९९,१३५ गुण होते, एकही चूक न करता, एकाच ब्रेकमध्ये, म्हणजे एकाच सलग पाळीत. टेबलाशी प्रत्यक्ष खेळण्याचा वेळ ८५ तास ४९ मिनिटं भरला. या पाच आठवड्यांत चॅपमनची पाळी आलीच नाही.

बिलियर्ड्सचा इतिहास सांगताना विक्रमवीरांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण या खेळाचं भवितव्य ज्याने ठरवलं तो माणूस मला नेहमी खुर्चीतला वाटत आला आहे. समोरचा चुकेपर्यंत ज्याला उठता येत नाही, तो. आणि त्याच्या मागे तिकीट काढून बसलेले प्रेक्षक.

खेळ साधा आहे. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल, सहा पॉकेट, तीन बॉल. दोघा खेळाडूंचा एकेक क्यू बॉल आणि तिसरा लाल. आपल्या बॉलने उरलेल्या दोन्ही बॉलना स्पर्श केला की कॅनन, त्याचे दोन गुण. बॉल पॉकेटात घातला की पॉट : लाल घातला तर तीन, प्रतिस्पर्ध्याचा घातला तर दोन. आपला बॉल दुसऱ्या बॉलला लागून पॉकेटात गेला तर ते इन-ऑफ : लालवरून गेला तर तीन, प्रतिस्पर्ध्याच्या बॉलवरून गेला तर दोन. लाल पॉकेटात गेला की तो पुन्हा आपल्या जागी ठेवतात. म्हणजे टेबल कधी रिकामं होत नाही. स्नूकरची फ्रेम बॉल संपले की संपते. बिलियर्ड्सचा ब्रेक संपवायला मात्र खेळणाऱ्याची चूकच व्हावी लागते. या खेळाचं सगळं सौंदर्य इथे आहे आणि त्याच्या दुखण्याचं मूळही इथेच.

हे दुखणं जुनं होतं. इंग्लंडमध्ये १८२०-३०च्या दशकांत जॉन थर्स्टनने लाकडी फळ्यांच्या जागी दगडी पाट्यांचं टेबल आणि कापडी भरावाच्या जागी रबरी कुशन आणल्यावर बॉल सरळ आणि भरवशाने धावू लागले. भरवसा आला की माणूस लगेच एकच गोष्ट घोटू लागतो. लाल बॉल वरच्या कुशनजवळच्या त्याच्या ठिपक्यावर असतो. तो कोपऱ्यातल्या पॉकेटात घालायचा आणि आपला बॉल अशा बेताने मागे आणायचा की, पुन्हा ठेवलेला लाल पुन्हा तसाच घालता यावा. हा स्पॉट स्ट्रोक. १८७०च्या फेब्रुवारीत लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये अजिंक्यपदाचा पहिला सामना झाला, तेव्हा याच फटक्याला आळा घालण्यासाठी मुद्दाम अरुंद पॉकेटांचं टेबल बनवून घेतलं होतं. त्या रात्री तरुण विल्यम कुकने थोरल्या जॉन रॉबर्ट्सला हरवलं. प्रिन्स ऑफ वेल्स हजर होते. पण फटका काही मेला नाही. विल्यम पील या चणीने लहान माणसाने १८९० साली रॉयल अक्वेरियममध्ये याच फटक्याच्या जोरावर ३,३०४ गुणांचा ब्रेक केला. १८९८ साली नियम बदलून स्पॉट स्ट्रोकवर बंधन आणलं गेलं.

धाकटा जॉन रॉबर्ट्स हा त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू. त्याने स्पॉट स्ट्रोक वर्ज्य करून खेळणं हीच आपली रीत ठरवली होती. टेबलभर फिरणारा, दर वेळी नवी रचना उभी करणारा त्याचा खेळ लोक पैसे देऊन पाहत. त्याचा हिंदुस्थानशीही जवळचा संबंध होता. जयपूरच्या महाराजांनी त्याला आपल्या दरबारचा बिलियर्ड्सपटू म्हणून नेमलं होतं. तो इथे पुन्हा पुन्हा आला आणि १८८५ साली कलकत्त्यात त्याची नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. चेंबरलेनने दहा वर्षांपूर्वी जबलपूरच्या मेसमध्ये बिलियर्ड्सच्याच टेबलावर रंगीत बॉल मांडून स्नूकर हा नवा खेळ काढला होता. रॉबर्ट्सने तो समजून घेतला आणि विलायतेत नेला. पुढे ज्या खेळाने बिलियर्ड्सला त्याच्याच टेबलावरून उठवलं, तो असा आपल्या मध्य प्रदेशातल्या छावणीत जन्मला.

आता पुन्हा रीसकडे. त्याने वापरलेल्या युक्तीला अँकर कॅनन म्हणत. दोन बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटाच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंच्या कुशनच्या टोकांना टेकवून अडकवायचे आणि आपल्या बॉलने दोघांना इतकं हलकं स्पर्शायचं की ते जागचे हलूच नयेत. एकदा ते जमलं की शेवट नाही. त्या ब्रेकमध्ये रीसने २,४९,१५२ कॅनन केले. हिशेब केला तर सव्वा सेकंदाला एक येतो. पत्रकार आणि प्रेक्षक सबंध वेळ हजर नव्हते, या कारणाने तो विक्रम म्हणून मान्यच झाला नाही आणि त्याच वर्षी अँकर कॅननवर बंदी आली. रीसने काही गैर केलं होतं असं मला वाटत नाही. त्याने नियमांची शेवटची सीमा कुठे आहे ते दाखवलं, आणि ती सीमा फार लांब, फार कंटाळवाण्या जागी निघाली.

पाठोपाठ ऑस्ट्रेलियाहून जॉर्ज ग्रे नावाचा कोवळा पोरगा आला. लाल बॉलवरून मधल्या पॉकेटात इन-ऑफ, एवढा एकच फटका त्याने जन्मभराचा करून टाकला होता. १९११ साली त्याचा ब्रेक २,१९६ गुणांवर गेला. तो हस्तिदंती बॉलवर खेळत नव्हता. रासायनिक मिश्रणाचे बॉल तेव्हा नव्याने रुळत होते. हस्तिदंत हवेनुसार बदलतो, तोलात किंचित उणा-अधिक असतो, प्रत्येक बॉलचा स्वभाव निराळा. नवे बॉल मात्र सगळे सारखे. हत्तींच्या दृष्टीने हा बदल फार चांगला झाला यात वाद नाही, पण खेळातली अनिश्चितता त्याने आणखी कमी केली. यथावकाश लागोपाठच्या इन-ऑफवरही मर्यादा आली.

आणि मग वॉल्टर लिंड्रम.

२९ ऑगस्ट १८९८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काल्गूर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी त्याचा जन्म झाला. घराणंच बिलियर्ड्सचं. आजोबा खेळाडू, वडील शिक्षक, थोरला भाऊ फ्रेड ऑस्ट्रेलियाचा विजेता. लहानपणी कपडे पिळण्याच्या यंत्रात सापडून वॉल्टरच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक तुटलं, म्हणून वडिलांनी त्याला डावऱ्या हाताने खेळायला शिकवलं. दिवसाचे बारा-बारा तास सराव चाले. वडिलांची शिस्त कडक होती. त्या पोराचं बालपण टेबलाच्या कडेनेच गेलं म्हणायला हवं.

त्याचं हत्यार होतं नर्सरी कॅनन. अँकर कॅननमध्ये बॉल हलत नाहीत. इथे हलतात, पण केसभर. लाल आणि प्रतिस्पर्ध्याचा बॉल कुशनला खेटून आणायचे, आपला बॉल त्यांच्या मागे ठेवायचा, आणि दर फटक्याला दोघांना एवढासा धक्का देत टेबलाच्या काठाने पुढे न्यायचं. बांधाच्या कडेने दोन वासरं हाकत न्यावीत तसं. एक जरा पुढे गेलं की दुसऱ्याला डिवचायचं, एक बाहेर फिरलं की आत वळवायचं. पॉकेट आडवं आलं की ते ओलांडायची खास रीत. बॉल दुसऱ्या बॉलला जवळजवळ चिकटून असताना हे करायचं, तेही वेगाने. तीन बॉल हातभर जागेत आणि फटक्याचा आवाज जेमतेम ऐकू येणारा. लिंड्रमइतकं ते आधी कुणाला जमलं नव्हतं आणि नंतरही नाही.

१९२९ साली तो इंग्लंडला आला. तेव्हा तिथे जो डेव्हिस, टॉम न्यूमन, विली स्मिथ आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅककोनाची हे चौघे शिखरावर होते. लिंड्रमने यांच्यातली चुरसच संपवली. त्याच पहिल्या हंगामात त्याने ३,२६२ गुणांचा ब्रेक केला. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून इतरांना सात-सात हजार गुणांची आगाऊ सूट द्यायची वेळ आली. १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्ज राजासमोर त्याचा खेळ झाला.

विली स्मिथचं इथे नाव घेतलं पाहिजे, कारण माझं मन त्याच्याकडे ओढ घेतं. त्याला एका कोपऱ्यात कोंडलेला खेळ आवडत नसे. १९२८ साली त्याने २,७४३ गुणांचा ब्रेक केला, तो सगळ्या टेबलावर खेळून : इथे पॉट, तिथे इन-ऑफ, मध्येच लांबचा कॅनन. हाच खेळ पाहायला लोक येत होते. लिंड्रमची कला त्याहून मोठी होती हे मान्य करूनही, मला त्या काळात जाऊन एक सामना पाहायची मुभा मिळाली तर मी स्मिथचा पाहीन.

१९ जानेवारी १९३२. लेस्टर स्क्वेअरमधला थर्स्टन हॉल. जागा लहानशी, पण बिलियर्ड्सचं माहेरघर तेच. लिंड्रमविरुद्ध जो डेव्हिस. त्या दिवशी सुरू झालेला लिंड्रमचा ब्रेक दुसऱ्या दिवशीच संपला : ४,१३७ गुण, २ तास ५५ मिनिटं. मिनिटाला तेवीसहून अधिक गुणांचा वेग. डेव्हिस खुर्चीत. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला आणि इतका वेळ आखडून बसलेल्या हाताने त्याने १,२४७ गुणांचा ब्रेक केला! त्या सामन्याची आठवण लिंड्रमच्या आकड्यासाठी ठेवतात. डेव्हिसचं हे उत्तर मला तितकंच थोर वाटतं. ४,१३७चा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

त्याच वर्षी नियामक मंडळाने नियम बदलला. टेबलाच्या खालच्या टोकापासून २९ इंचांवर जी रेघ असते, ती आपल्या बॉलने दर शंभर गुणांमागे एकदा ओलांडलीच पाहिजे. पुढे शंभराचे दोनशे झाले. वरच्या टोकाला बांधलेली नर्सरी कॅननची मांडणी मोडून बॉल सगळ्या टेबलावर न्यायला भाग पाडणारा हा नियम एका माणसासाठीच केलेला होता, हे उघड गुपित होतं. लिंड्रमने तक्रार केली आणि जुळवूनही घेतलं. १९३३ साली लंडनला आणि १९३४ साली मेलबर्नला त्याने जागतिक अजिंक्यपद जिंकलं आणि १९५० साली निवृत्त होईपर्यंत ते त्याच्याकडेच राहिलं. त्याला आव्हान देण्यात कुणाला अर्थ वाटत नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्याने हजारो प्रदर्शनी सामने खेळून पाच लाख पौंडांहून अधिक निधी धर्मादाय कामांसाठी उभा केला. १९६०च्या जुलैत तो वारला. मेलबर्नच्या स्मशानभूमीत त्याची समाधी बिलियर्ड्स टेबलाच्या आकाराची आहे, वर बॉल आणि क्यूसह.

लिंड्रमने खेळ मारला असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अभ्यासाने एखादी विद्या पूर्णत्वाला नेणं हा गुन्हा ठरवायचा असेल तर सरावच बंद करावा लागेल. दोष खेळ विकणाऱ्यांचा होता. पंधरा-पंधरा दिवस चालणारे सामने, एका खेळाडूची पाळी संपूर्ण सत्रभर टिकणारी, आणि मागच्या रांगेतून न दिसणारे इंचभराचे फटके. यातून तिकीट खपत नाही हे दिसत असूनही सामन्याचं रूप बदलायला ते धजले नाहीत. बदलले ते फक्त नियम, तेही दर वेळी उशिरा. जो डेव्हिसला मात्र वारं कळलं होतं. १९२७ सालीच त्याने पुढाकार घेऊन स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा भरवून घेतली आणि स्वतः जिंकली. बक्षीस साडेसहा पौंडांचं होतं. १९४६पर्यंत तो तिथे अजिंक्य राहिला. स्नूकरमध्ये रंग आहेत, शेवट आहे, आणि खुर्चीतल्याला उठायची आशा आहे. १९४०च्या ऑक्टोबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात थर्स्टन हॉल उद्ध्वस्त झाला. व्यावसायिक बिलियर्ड्सचं अजिंक्यपद १९५१ साली मॅककोनाचीने घेतलं, त्यानंतर ते पणाला लागलं थेट १९६८ साली, सतरा वर्षांनी. इतकी ओसाडी.

खेळ या काळात जगला तो हौशी खेळाडूंमुळे, आणि त्यातही आपल्याकडच्या. लष्कराच्या मेस, गोऱ्यांचे क्लब, संस्थानिकांचे वाडे इथे टेबलं आधीपासून होती. इंग्रज गेले, टेबलं राहिली, आणि राहिले मार्कर. गुण मोजणारे, टेबल झाडणारे, क्यूला टिप बसवून देणारे हे क्लबचे नोकर. सभासद कामाला गेले की रिकाम्या टेबलावर यांचा हात चाले, आणि नवख्या सभासदाला पहिले धडे बहुधा त्यांच्याकडूनच मिळत. या लोकांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. असायला हवी होती.

विल्सन जोन्स पुण्याचे. जन्म २ मे १९२२, अँग्लो-इंडियन कुटुंबात. शिक्षणही पुण्याच्याच शाळांत. १९५० साली ते राष्ट्रीय विजेते झाले आणि पुढच्या सोळा वर्षांत हे पद त्यांनी एकूण बारा वेळा मिळवलं. जागतिक हौशी स्पर्धेत मात्र त्यांना बरीच वाट पाहावी लागली. १९५१ला लंडन, १९५२ला कलकत्ता, १९५४ला सिडनी : तिन्ही वेळा यश नाही. मग १९५८च्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा कलकत्त्याला आली, ग्रेट ईस्टर्न हॉटेलात. इंग्लंडचा लेस्ली ड्रिफिल्ड, जो १९५२ साली याच शहरात जिंकला होता, तो आलेला. १९५४चा विजेता, ऑस्ट्रेलियाचा टॉम क्लिअरी, तोही. या दोघा माजी विजेत्यांना मागे टाकून जोन्स जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे इथे त्यांनी ते पुन्हा मिळवलं. पुण्यात लहानाचा मोठा झालेला माणूस देशाचा पहिला जगज्जेता, आणि पुण्यातल्या शाळकरी मुलांना आज त्याचं नाव विचारलं तर? विचारून पाहा. १९६३ला अर्जुन, १९६५ला पद्मश्री, आणि निवृत्तीनंतर शिकवण्याच्या कामासाठी १९९६ला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. २००३ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियातल्या बिलियर्ड्स हॉलला त्यांचं नाव आहे.

शेजारी श्रीलंकेची गोष्टही अशीच. त्यांचे पहिले जगज्जेते मोहम्मद लफीर, खेळ बिलियर्ड्स, साल १९७३, आणि स्पर्धा मुंबईत. दोन शेजारी देशांनी जगाच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं ते याच टेबलावरून.

जोन्सनंतर मायकेल फरेरा. मुंबईत जन्मलेले आणि इथेच वकिलीचं शिक्षण घेतलेले. १९७७ला मेलबर्न, १९८१ला नवी दिल्ली, १९८३ला माल्टा, अशी तीन जागतिक विजेतेपदं. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक करून हौशी बिलियर्ड्समधला हजाराचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. १९८१ साली त्यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण दिलं गेलं असताना जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला त्याहून खालचा मान का, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी अनेकांना ते उर्मट वाटलं. मला ते रास्त वाटतं. गावसकरांचा मोठेपणा त्याने तसूभर कमी होत नाही. १९८३ साली फरेरांना पद्मभूषण मिळालं.

मग अहमदाबादचे गीत सेठी. १९८५ आणि १९८७ साली हौशी जगज्जेते झाल्यावर १९९२ साली मुंबईत भरलेली जागतिक व्यावसायिक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि तिथेच १,२७६ गुणांचा ब्रेक केला. लागोपाठच्या पॉटवर कडक बंधन असलेल्या नव्या नियमांनुसार तो जागतिक विक्रम ठरला. ज्या नियमांनी लिंड्रमसारख्यांचा ओघ अडवला, त्यांच्याही पुढच्या कुंपणातून वाट काढणारा हा ब्रेक आहे, म्हणून ४,१३७च्या शेजारी तो लहान दिसला तरी मला लहान वाटत नाही. १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मुंबईच्या अशोक शांडिल्य यांनी एकेरीचं सुवर्ण जिंकलं आणि सेठींच्या जोडीने दुहेरीचंही. पुढचं नाव पंकज अडवाणी. वाढले बंगळुरात, पण जन्म १९८५ साली पुण्यातला. २००६ला दोहा आणि २०१०ला ग्वांगझू, लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत बिलियर्ड्सचं एकेरी सुवर्ण त्यांचंच. त्यानंतरच्या तिन्ही आशियाई स्पर्धांतून क्यूचे खेळच वगळले गेले.

त्यामुळे आता हा खेळ पुन्हा आपापल्या जिमखान्यांवर आणि क्लबांवर येऊन ठेपला आहे. तिथे टेबल असतं, पण त्यावर स्नूकर चालतं. चालू दे. फक्त एवढं लक्षात घ्या की बिलियर्ड्ससाठी वेगळं टेबल लागत नाही, वेगळा क्यू लागत नाही, वेगळी फीही पडत नाही. तुमच्या मुलाला किंवा मुलीला तिथे घेऊन जाल तेव्हा मार्करकडून पांढरा, पिवळा आणि लाल असे तीन बॉल मागून घ्या, आणि पहिला कॅनन कसा मारायचा ते त्यालाच दाखवायला सांगा.